देवकाबाईचं कवेलू

"उतर गा खाली, दुधराम! दारात सरकार आलं अन् तू वरतेच टांगून राहिला!"

गोवर्धन पाटील देवळाच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता. वर छपरावर दुधराम एकेक कवेलू, म्हणजे मातीचं कौल, उलटून पाहण्यात असा गुंग झाला होता, की सरकार काय, खुद्द महादेव गाभाऱ्यातून बाहेर आला असता तरी त्याला "थांब घडीभर, एवढी ओळ होऊ दे" म्हणाला असता. त्याचाही दोष नव्हता. वर्षाकाठी वैशाखातले हे चार-सहा दिवस तेवढे त्याचे होते. बाकीचं वर्ष तो बोडीटोल्यातला एक साधा कास्तकार होता. धानाची थोडी जमीन, एक बैल मारका आणि दुसरा आळशी, आणि बायको शकुंतलाबाई, जिच्यापुढे दोन्ही बैल गरीब वाटावेत.

सरकार म्हणजे ताराचंद बाबू. गोंदियाहून छोट्या लाइनीच्या गाडीने अर्जुनीपर्यंत आणि तिथून केशोरीवरून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत तो आला होता. जुन्या वास्तूंची यादी करायचं काम त्याच्याकडे होतं. तलावाच्या पाळीवरचं हे महादेवाचं देऊळ गोंड राजाच्या वेळचं, असं कोणीतरी वर कळवलं होतं म्हणे. बाबूने गाभारा पाहिला, दगडी खांब पाहिले, घाम पुसला आणि मोठा तांब्याभर ताक पिऊन विचारलं, "ये सब तो पुराना है. पण हे पुढचं छप्पर? हेही तितकंच जुनं का, भाऊ?"

आता इथे गप्प बसावं की नाही? पण दुधरामला उभ्या आयुष्यात कोणी सरकारी माणसाने एक प्रश्न विचारला नव्हता, आणि पहिलाच विचारला तो त्याच्या छपराबद्दल. मग काय, जिभेला हाड थोडंच असतं!

"बाबूसाहेब, गोटाचं देऊळ जसंच्या तसं हाय. पन छप्पर आमचं वाढत्या अंगाचं!"

"वाढत्या अंगाचं मतलब?"

"गावची पोरगी लगन होऊन जाते नं, ते जावाच्या आंधी तिच्या हाताचं एक कवेलू वर चढते. कवेलू ओलं असतानी आतून पंजा दाबाचा, मंग भाजाचं. जागा पुरली नाही का समोर एक ओळ वाढवतो. माह्या आज्याच्या वक्ती हे छप्पर त्या बेलाच्या अलीकडेच थांबे. आता पाहा, बेल आतमंधी यायले झाला!"

"पंजा आतून का? बाहेरून का नाही?"

"बाहेरून पान्यानं धुऊन नाही जावाचा का, साहेब? आतून राहिला का पिढ्या जाते. फक्त फेरनाऱ्याले दिसते." आणि फेरणारा, म्हणजे दरसाल कवेलू उतरवून पुन्हा बसवणारा, कोण हे समजावं म्हणून त्याने छातीवर हात ठेवला.

बाबूने मान डोलावली. त्याला ते खरंच आवडलं होतं. "मतलब हर साल नया जुडता है?"

"हर साल! येखाद्या साली पाच-सहा बी!"

बाबूने लिहून घेतलं. पाटलाने कौतुकाने दुधरामकडे पाहिलं, आणि दुधराम मिशीत हसत पुन्हा शिडी चढला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय, हे त्याला दिवाळी होईपर्यंत कळलं नाही.

छपराचा मान दुधरामच्या घराण्याकडे होता. बोडीटोल्याचा तलाव कोहळी लोकांनी, म्हणजे दुधरामच्या पूर्वजांनी, बांधला, देवळाचं छप्परही त्यांनीच घातलं, आणि पाण्याचा कारभार ज्या भावाकडे गेला त्याच्या धाकट्या भावाकडे छप्पर आलं. अर्थात पाण्याचा मान मोठा आणि छपराचा लहान. पण दुधरामला कधी अदलाबदल करावीशी वाटली नाही. पावसाळ्याआधी सगळी कवेलू उतरवायची, आतली धूळ, विंचू, पालीची अंडी झाडायची, खालची साधी कवेलू नीट बसवायची आणि वरून ही पंजांची. बापाने त्याला शिकवलं ते असं: कवेलू हातात घेतलं की आत बघायचं, नाव घ्यायचं, आणि मगच पुढचं उचलायचं. "ही सीता, बकाराम कुंभाराची आत्या. पवनीले देली. ही झुनका, आंगठा वाकडा आहे पाहा, विहिरीत पडली होती. ही आपली फुलाआत्या." बापाचा आवाज दबका असे, बाया झोपल्यात आणि जाग्या होतील असा. दुधरामला शाळेची बाराखडी कधी धड आली नाही, पण हे छप्पर तोंडपाठ होतं.

आणि बेलाच्या बाजूला, कोपऱ्यातलं पहिलं कवेलू देवकाचं. त्याची थोरली बहीण, तो तिला बाई म्हणे.

माय आजारी असायची, तेव्हा दुधराम वाढला तो देवकाच्या कडेवर. ती स्वतः केवढीशी, तिच्या कमरेवर हा गलेलठ्ठ गडी! पाळीवर मोहफुलं वेचायला जाताना ती त्याला झाडाखाली बसवायची आणि गप्प राहावा म्हणून एकेक फूल चोखायला द्यायची. तिचं लग्न झालं ते थेट तिकडे, चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या गावात. एवढ्या लांब लेक का दिली, हे बापाला सगळ्यांनी विचारलं. बाप म्हणाला, "पानी आहे तिथं. पोरगी उपाशी नाही राहाची." दुधराम तिच्या गाडीत चढून बसला होता आणि उतरायला तयार नव्हता. त्याला उतरवताना देवकाने त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. गुळाची चव आणि डोळ्यांतलं पाणी, दोन्ही एकदम, हे त्याला अजून आठवे.

देवकाबाई माहेरी येई ती दोन-तीन वर्षांतून कधीतरी. बैलगाडी, मोठी लाइन, छोटी लाइन, पुन्हा बैलगाडी. पण आली की आधी घरी नाही. आधी देवळात, आपल्या कोपऱ्याखाली, खांबाला टेकून बसायची. पाय पसरायची, पदराने वारा घ्यायची आणि म्हणायची, "आता आली मी." मग उठून घरी.

दिवाळीनंतर ताराचंद बाबू पाटी घेऊन आला. निळी, पांढऱ्या अक्षरांची. ती बेलाशेजारी ठोकली आणि सगळ्यांना पारावर बसवून त्याने नियम सांगितला. जुन्या वास्तूची दुरुस्ती केली तर कर माफ. फेरफार केला तर कर, आणि त्याआधी वरून परवानगी.

"बराबर," पाटील म्हणाला. "आमी कायले फेरफार करतो?"

बाबू अवघडला. "पाटील, छप्पर वाढवता ना तुम्ही. ये भाऊ खुद बोले थे. नवीन कवेलू जोडलं की तो फेरफारच."

"कवेलू लावनं म्हंजे फेरफार?" दुधराम पारावरून उठून उभा राहिला. "ते तं रीत आहे, बाबू!"

"रीतीला माझ्या कागदात खाना नाही, भाऊ. दुरुस्ती, नाहीतर फेरफार. मी माझ्या मनाने काही नाही लिहिलं. फुटलं, त्याच्या जागी दुसरं लावलं, तर ती मरम्मत, माफ. जितकी आहेत तितकीच राहिली पाहिजेत. एक जास्त झालं की झालं." बाबूचा चेहरा पडला होता. बिचाऱ्याने त्या दिवशी ताकही घेतलं नाही.

तो गेल्यावर पारावर बरीच हुज्जत झाली. थोडाबहुत कर भरून टाकावा, असं एकदोघं म्हणाले. गोवर्धन पाटील उसळला. "एकदा भरला का बसला मानेवर! तलाव आपल्या बापजाद्यानं खोदला. मालगुजारी गेली तसा तलाव सरकारात गेला, अन् आता आपल्याच पान्यावर आपन पैसा भरून राहिलो. देवळाचं बी तेच कराचं का? आपल्याच घरात पाय टाकाचं भाडं द्या!"

तलावाची जखम ओली होती.

"मंग पोरीयचं काय?" दुधरामने विचारलं. त्याची लेक धुरपता वैशाखात उजवायची होती.

पाटलाने तोडगा काढला. पाटीलच तो, तोडगा नसेल तर पाटील कसला! "एक उतरवाचं, एक चढवाचं. गिनती तेवढीच. मरम्मत म्हंजे मरम्मत."

"उतरवाचं? कोनाचं उतरवाचं?"

पाटील खाकरला. "ते तुले समजते. आतमंधी कोन आहे ते तुलेच दिसते नं? कोनाचं काढलं ते आमाले सांगू बी नोको."

असं ते पंचांनी दुधरामच्या गळ्यात बांधलं आणि धोतरं झटकून मोकळे झाले.

एरवी अडचण आली नसती. दरवर्षी वानरं छपरावर उड्या मारून दोन-चार कवेलू फोडायचीच. फुटलेल्या कवेलूचे तुकडे तलावात सोडायचे, ते जिचं असेल तिच्या माणसांना निरोप धाडायचा. पण त्या साली वानरांच्या त्रासाला कंटाळून दुधरामने आढ्यावर बाभळीच्या काट्या अंथरल्या होत्या. वैशाखात छपरावर चढून पाहतो तर एकही फुटलेलं नाही. एवढं नीट छप्पर त्याच्या हातून कधी राहिलं नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या चांगल्या कामाचा संताप आला. एक वानर आलं असतं तर त्याने त्याला पानसुपारी दिली असती!

घरी बकाराम कुंभाराने धुरपताचं कवेलू भाजून आणून दिलं होतं. धुरपताचा पंजा मोठा, बोटं लांब, शेतात राबलेल्या पोरीचा. ती दिवसातून दहादा ते उचलून बघे आणि लाजून ठेवून देई.

"अजी, लावलं का?" शकुंतलाबाईने विचारलं.

"लावतो."

"लावतो लावतो काय करून राहिले? परवा हळद आहे. कवेलू न लावता पोरगी गेली तं सासरचे काय म्हनतील? म्हनतील, माहेरानं हिचं नावच नाही ठेवलं. जन्मभर आयकाव लागंल तिले."

दुधराम उठला आणि शिडी घेऊन देवळात गेला.

आधी तो सगळ्यात वरच्या, जुन्या ओळीला गेला. तिथल्या बायांची नावं त्याच्या बापालाही ठाऊक नव्हती. ज्यांना कोणी ओळखत नाही, त्यांच्यातली एक उतरली तर कोणाचं काय बिघडलं? हिशेब सरळ होता. त्याने एक उचललं, उताणं केलं आणि आत पाहिलं.

पंजा एवढासा होता. त्याची दोन बोटं ठेवली तर भरून जाईल एवढा. अंगठ्याचा ठसा थोडा सरकलेला. दाबताना पोर हलली असेल, नाहीतर रडत असेल. पाच वर्षांची होती की सहा? तिला कुठे दिली, तिथे ती जगली की नाही, पुन्हा कधी आली की नाही, कोणाला ठाऊक. या जगात तिची म्हणून एवढीच जागा उरली होती, आणि ती हा काढायला बसला होता.

"नाही गा माय, नाही," तो पुटपुटला, आणि कवेलू होतं तिथे, होतं तसं ठेवलं.

मग तो ओळींमागून ओळी उतरत आला. सीता. तिचा भाचा बकाराम, त्याला विचारायला हवं. झुनका. विहिरीतून वाचलेली, तिला आता आपण बुडवायची? पाटलाची बहीण, पाटलाची मुलगी. तिथे तर त्याने हातही लावला नाही. सुताराची मैना, अजून जिवंत, नवऱ्याने टाकलेली, तिला दुसरं काहीच नाही. ऊन चढलं, पाठ भाजून निघाली, आणि तो बेलाच्या कोपऱ्याशी येऊन पोचला.

देवकाचा पंजा त्याला डोळे मिटूनही कळे. करंगळीजवळ बारीक चीर होती, विळ्याची. याच्यासाठी कच्ची कैरी कापताना लागलेली.

तिथे तो बराच वेळ बसला. परक्याच्या लेकीला हात लावायला तिची परवानगी पाहिजे, तिच्या माणसांची पाहिजे. ही तर आपली. आपल्या माणसाला काय विचारायचं? बाई काय नाही म्हणणार आहे? भाचीसाठी तर ती अंगावरचं लुगडं काढून देईल. असा विचार त्याने केला. हा असला विचार भावालाच सुचू जाणे. बहीण म्हणजे न विचारता हात घालायची कोठी, असं सगळ्या भावांना वाटतं आणि त्यांना ते प्रेमच वाटतं.

त्याने देवकाचं कवेलू उतरवलं, तिथे धुरपताचं बसवलं, आणि उतरवलेलं धोतराच्या सोग्यात गुंडाळून घरी आणलं. धानाच्या कोठीमागे ठेवलं. लग्न पार पडलं की बाईला सांगू, सावकाश, हसत हसत.

देवकाबाई आली ती नेमकी वरात दारात आली तेव्हा. छोट्या लाइनीची गाडी उशिरा आली होती. देवळात बसायला तिला उसंत मिळाली नाही. तिने पदर खोचला आणि कामाला लागली. लाखोळीच्या वरणाला फोडणी दे, विहिणींना ओवाळ, रडणाऱ्या शकुंतलाबाईला दटाव. "रडून काय राहिली वो? मले नवव्या वर्षी देलं, मी मेली का?" आणि धुरपता गाडीत बसली तेव्हा हीच सगळ्यात जास्त रडली.

पाहुणे पांगले. ऊन कलतं झालं. देवकाबाईने दुधरामला हाक मारली. "चाल रे. माह्या जागी बसू घडीभर. आल्यापासून मी आलीच नाही अजून."

दुधरामने उगाच बैलांना पाणी दाखवलं. पण गेला.

देवळाला वळसा घालताच ती थांबली. पावसापाण्याने काळ्या पडलेल्या त्या सगळ्या कवेलूंमध्ये कोपऱ्यात एकच लालभडक कवेलू होतं. दुधरामच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तो नेहमी आतून बघणारा माणूस.

"ते लाल कोनाचं?"

"धुरपताचं."

"तिथं तं माहं होतं." ती वर बघत राहिली. "फुटलं का रे?"

हो म्हणायचा अवकाश होता. एका 'हो'वर सगळं निभावलं असतं. तुकडे तलावात सोडले म्हणून सांगितलं असतं, दोघं पाळीवर जाऊन पाण्याला हात जोडून आली असती. पण या बाईने त्याला बोलायला शिकवलं होतं. तिच्याशी खोटं बोलायला त्याची जीभ वळेना.

"नाही बाई. मी काढलं."

"काऊन?"

मग त्याने सगळं सांगितलं. बाबू, पाटी, कर, पंच, वानरं, ती एवढ्याशा पंजाची पोर. सांगताना तो घामाघूम झाला. देवकाबाई खांबाजवळ उभी राहून ऐकत होती. बसली नाही.

"एवढ्या छपरात तुले माहंच दिसलं?"

"दुसऱ्याच्या लेकीचं कसं काढू, बाई? तिले इचारा लागते, तिच्या मानसायले इचारा लागते."

"अन् मले?"

"तू तं आपली नं."

"आपली म्हनून इचारलं नाही!" ती एकदम कडाडली. देवळातली कबुतरं उडाली. "मेलेल्यायचा मान ठेवला तू. नाव ठाव नाही तिचा बी ठेवला. अन् जिती होती, येक कार्ड टाकलं असतं तं उत्तर आलं असतं, ते मी! मले इचारा नाही लागत? मी 'काढ' म्हटलं असतं रे, दुधराम. हासत म्हटलं असतं. पोरीसाठी नाही म्हनतो का मी? पन मले म्हनू तं द्याचं होतं!"

"चुकलं, बाई."

"कुठी आहे?"

"कोठीमांगं."

"आन."

त्याने आणून दिलं. तिने आत पाहिलंसुद्धा नाही. गाठोडं सोडलं, लुगड्याच्या घड्यांत ते ठेवलं आणि पुन्हा गाठ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. भाऊ बैल जुंपायला लागला तर म्हणाली, "शेजारचा खुशालभाऊ नेऊन देते म्हन्ते. तू राहू दे." शकुंतलाबाईने नणदेची ओटी भरली, तिच्या गळ्यात पडली, आणि गाडी गावाबाहेर गेल्यावर नवऱ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "छप्पर सांभाळता अन् घरचं मानूस गमावता." ती एवढी थोडक्यात कधी बोलत नसे, त्यामुळे ते जास्त लागलं.

राखी आली नाही. दरसाल पाकिटातून येई, चुरगळलेली, हळदीचं बोट लावलेली. भाऊबीजेला दुधराम अर्जुनीच्या स्टेशनापर्यंत गेला, तिकिटाच्या खिडकीसमोर उभा राहिला आणि परत आला. गेलो आणि तिने दारातूनच परतवलं तर? ती भीती घेऊन तो घरी येऊन धान कापत बसला.

त्याच दिवाळीच्या सुमाराला राज्य बदललं. नागपूरची राजधानी गेली, कारभार मुंबईला गेला. ताराचंद बाबूची बदली झाली की काय, कोण जाणे, तो पुन्हा आला नाही. दुसरंही कोणी आलं नाही. निळी पाटी बकऱ्यांनी घासून घासून वाकडी केली, मग एका वादळात पडली. दुरुस्ती की फेरफार, हे बोडीटोल्याला विचारायला कोणीच उरलं नाही. माघात पाटलाच्या पुतणीचं लग्न निघालं तेव्हा पाटील सहज म्हणाला, "दुधराम, समोर येक ओळ वाढव गा. आता कोन पाहाले येते?"

दुधराम बेलाशेजारी, पाटी होती तिथे जाऊन उभा राहिला. एवढंच होतं तर! एक वर्ष थांबलं असतं तर! त्याला रडू यायचं ते राग आला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना. पाटलावर काढावा तर पाटलाने नाव थोडंच सांगितलं होतं. त्याने ओळ वाढवली. मुकाट्याने. आणि बेलाच्या बाजूला एका कवेलूची जागा राखून ठेवली.

वैशाखात सगळं छप्पर फेरून झालं, तेव्हा शकुंतलाबाईने न विचारताच त्याच्या पिशवीत चिवडा आणि आंब्याच्या वड्या भरल्या. "जा आता," ती म्हणाली.

चोरखमाऱ्याच्या तलावावरून वारा येत होता. खाली उन्हाळी धानाचे थोडे तुकडे हिरवे होते. दुधराम पिशवी सांभाळत गावात शिरला आणि बहिणीच्या दारापाशी येऊन चक्रावला. घरावर कवेलूच नव्हतं. भाचा हिरालाल कमावता झाला होता, त्याने सगळ्या घरावर टिनाचे पत्रे टाकले होते. उन्हात ते असे चमकत होते की डोळे मिटावेत.

देवकाबाई अंगणात धान वाळवत होती. तिने मान वर केली. उठली नाही, पण हातातलं काम थांबलं.

"आला?"

"आलो बाई."

"पानी घे. माठ तिथं आहे."

त्याने पाणी घेतलं. खाली बसला. बोलायचं ते गाडीत दहादा घोळून आला होता. ते सगळं सोडून एका दमात म्हणाला, "बाबू गेला, पाटी गेली, कर बी गेला. मी जागा ठेवली आहे. बेलापाशीच. कवेलू दे, परत लावतो."

देवकाबाईने धानात हात फिरवला.

"नाही लावाचं."

"काऊन, बाई? अजून राग आहे?"

"राग गेला कवाच. पन नाही लावाचं." तिचा आवाज मऊ होता, म्हणूनच त्याला कळलं की हे बदलणार नाही. "तिथून निंगालं, निंगालं. आता येवढ्या वर्षांनी मी तिथं जाऊन कोनाची वाट पाहू? माय नाही, बाप नाही. तू येत जा इकडे."

दुधरामने हलकेच विचारलं, "ठेवलं कुठी?"

तिने हनुवटीने दाखवलं. अंगणाच्या कडेला मातीचा खुराडा होता, कोंबड्यांचा. टिनाचे पत्रे त्यावर पुरले नव्हते की मुद्दाम टाकले नव्हते, कोण जाणे. वर पेंढा, आणि पेंढ्यावर, पावसाची धार दाराशी पडू नये अशा बेताने, ते काळं कवेलू. त्याच्यावर वर्षभराची धूळ, आणि एका कडेला कोंबडीची विष्ठा.

वैशाख संपत आला होता. पाऊस यायच्या आत कवेलू फेरायचं असतं.

दुधराम उठला. खुराड्यापाशी जाऊन उकिडवा बसला. दोन्ही हातांनी कवेलू उचललं, उताणं केलं. आतली जाळी फुंकरून काढली, धोतराच्या टोकाने करंगळीजवळची चीर पुसली. ओठ हलले. मग पेंढा सारखा केला, उतार बघितला आणि कवेलू पुन्हा बसवलं. जरा तिरपं झालं. त्याने काढलं आणि पुन्हा बसवलं.

"पिल्लं हायेत खाली," मागून देवकाबाई म्हणाली. "पाय जपून."

"हो."

त्याचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नव्हते. त्या एका कवेलूला तो फार वेळ लावत होता. देवकाबाई घरात गेली, पाट घेऊन आली, आणि त्याच्या मागे ठेवून म्हणाली, "बसून कर."